मालकी लेखकाची, वहिवाट संपादकाची

शेतजमिनीचा सातबारा ज्याने एकदा तरी नीट वाचला आहे त्याला ठाऊक असते की, त्या एकाच कागदावर दोन निराळे दाखले एकत्र आणलेले असतात: वरचा गाव नमुना सात, ज्यात जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर कोणाचे कोणते हक्क आहेत याची नोंद असते, आणि खालचा गाव नमुना बारा, ज्यात कोणत्या हंगामात त्या जमिनीत कोणते पीक उभे राहिले ते लिहिलेले असते. गेली वीस वर्षे पुण्यात घरी बसून दुसऱ्यांची हस्तलिखिते मुद्रणासाठी सिद्ध करण्याचा व्यवसाय मी करीत आलो आहे, आणि या व्यवसायाचे स्वरूप कोणी विचारले म्हणजे मला हा कागदच आठवतो. पुस्तकाच्या जमिनीवर मालकी लेखकाची असते आणि ती निर्विवाद असते. काही महिन्यांपुरती तिची मशागत करण्याची वहिवाट मात्र संपादकाकडे येते. आपली वहिवाट कोठे संपते हे ज्याला ओळीओळीत ओळखता येत नाही, त्याचे व्याकरण कितीही निर्दोष असले तरी त्याने या कामात पडू नये, असे माझे मत झाले आहे.

संपादक म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम वृत्तपत्राचा संपादक उभा राहतो, आणि ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक काढल्यापासून या शब्दाला जे तेज आणि जी जबाबदारी प्राप्त झाली ती पाहता ते साहजिकच आहे. मी ज्याच्याविषयी लिहीत आहे तो संपादक अग्रलेख लिहीत नाही. तो कोणाचा पगारी नोकरही नसतो. आज एका प्रकाशकाची कादंबरी, उद्या एखाद्या सहकारी बँकेचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ, परवा एखाद्या निवृत्त गृहस्थाचे आत्मकथन, आणि आषाढ लागला की दिवाळी अंकांचे लेख, असे त्याचे काम चालते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत जी प्रथा रूढ झाली, तिने आमच्या वर्षाचे ऋतूच बदलून टाकले आहेत. शेतकऱ्याच्या सुगीआधी दोन महिने आमची सुगी येते, आणि त्या काळात घेतलेल्या कामांचा भार ज्याने वैशाखातच मोजून ठेवला नाही त्याला भाद्रपदात झोप मिळत नाही.

कामाची सुरुवात हातात पेन्सिल न घेता करावी, हा माझा पहिला शिरस्ता आहे आणि तो मी कितीही घाई असली तरी मोडत नाही. पहिले वाचन वाचकाचे असते. पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारू लागलेला मनुष्य पुस्तक वाचत नसून अक्षरे मोजत असतो, आणि तिसऱ्या प्रकरणात येऊन गेलेली हकीकत नवव्या प्रकरणात निराळ्या तपशिलाने पुन्हा आली आहे, किंवा ज्या आईविषयी लेखक इतक्या मायेने बोलतो ती मध्यावर अकस्मात नाहीशी होते आणि तिच्या मृत्यूचा उल्लेखच कोठे येत नाही, अशा गोष्टी त्याच्या नजरेतून हमखास सुटतात. दुसरे वाचन रचनेचे, तिसरे वाक्यांचे, आणि लेखनशुद्धीचे वाचन सर्वांत शेवटी. कारण जो परिच्छेद उद्या गाळला जाणार आहे त्यातील वेलांट्या आज दुरुस्त करणे म्हणजे पाडावयाच्या भिंतीला रंग देणे होय.

मेहनताना ठरविण्याआधी मी दहा पाने नमुन्यादाखल तपासून पाहतो, आणि ती पाने आरंभाची कधीच घेत नाही. प्रत्येक लेखक आपली पहिली पाने वीस वेळा घासूनपुसून लिहितो; त्याचा खरा हात मध्यावर दिसतो. त्या दहा पानांना किती वेळ लागला यावरून साऱ्या ग्रंथाचा अदमास घेता येतो. बरे लिहिलेले गद्य मी तासाला सात-आठ पाने तपासू शकतो. जेथे वाक्यच्या वाक्य उकलून पुन्हा विणावे लागते तेथे तासाला दोन पाने झाली तरी पुष्कळ, आणि असे काम दिवसातून चार तासांहून अधिक केल्यास पाचव्या तासाला डोळे चालतात पण कान बंद होतो.

कान हा शब्द मी हेतुतः वापरला. वाक्य बिघडले आहे हे पुष्कळदा व्याकरणाच्या आधी कानाला कळते, आणि म्हणून संशय आला की मी ते मोठ्याने वाचतो. परंतु या कानाला आपल्या घरच्या बोलीचाच सराव असतो, हे शिकावयास मला एका लेखकाची नाराजी पत्करावी लागली. व्यवसायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वऱ्हाडातील एका शिक्षकांचे बालपणाच्या आठवणींचे पुस्तक माझ्याकडे आले होते. त्यात जागोजाग ‘वावर’ हा शब्द होता. मी तो सर्वत्र बदलून ‘शेत’ केला, आणि ‘बाबा काय करून राहिले’ यासारखी वाक्ये पुणेरी वळणावर आणून ठेवली. आठ दिवसांनी त्यांचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते की, शेत हे सातबाऱ्यावर असते आणि शाळेच्या पुस्तकात असते. त्यांची आई पहाटे भाकरी बांधून घेऊन ज्या ठिकाणी जात असे ते वावर होते, आणि ती कधीही शेतात गेली नव्हती. मी तीन रात्री बसून एकूण एक शब्द पूर्ववत केला. तेव्हापासून कोणत्याही हस्तलिखिताचे काम सुरू करताना मी प्रथम त्या लेखकाच्या खास शब्दांची एक यादी करतो, मग ते वऱ्हाडातील वावर असो की कोकणातील कुणगा आणि मांगर असोत, आणि त्या यादीतील शब्दांना हात लावावयाचा नाही अशी स्वतःला ताकीद देऊन पुढे जातो.

येथे केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला एक विशेष हक्क दिला आहे: आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा, आणि आपल्या कीर्तीला बाध येईल अशी तिची मोडतोड वा विकृती कोणी केली तर तिला हरकत घेण्याचा. हा हक्क इतका त्याचा स्वतःचा आहे की, ग्रंथाचे प्रकाशनाचे हक्क त्याने दुसऱ्याला देऊन टाकले तरीही तो त्याच्याकडेच राहतो. कायद्याची ही भाषा वाचल्यावर मला त्या शिक्षकांच्या पत्राचा अर्थ अधिक स्पष्ट झाला.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गिरगावातील खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांच्याद्वारे जे संपादन केले, त्याने लेखकाशी पत्रव्यवहार करून, पुनर्लेखन करवून घेऊन, शब्दाशब्दाचा विचार करण्याचा एक मानदंड मराठीत निर्माण केला. आणि त्याच ‘सत्यकथे’च्या अंकाची १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी होळी केली, कारण त्यांच्या अनुभवाला आणि त्यांच्या भाषेला त्या मानदंडात जागा नाही असे त्यांना वाटले. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. या दोन घटनांपैकी एकच लक्षात ठेवणारा संपादक अपुरा राहतो. ज्या हाताने मराठी कथा घडविली त्या हाताची शिस्त मला हवी आहे, आणि ज्यांनी तो अंक जाळला त्यांचा रोषही माझ्या टेबलावर मला जागता हवा आहे.

लेखनशुद्धीच्या बाबतीत मात्र संपादकाला पुष्कळच ठाम राहावे लागते. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले, आणि आजचे प्रमाण लेखन या अठरा नियमांवर उभे आहे. त्यांतील सर्वांत अवघड भाग तत्सम आणि मराठी शब्दांच्या वेगळ्या वागणुकीचा आहे. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, ‘वकील’चे ‘वकिलाने’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरिराला’ होत नाही, कारण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द विभक्ती लागली तरी आपले दीर्घत्व सोडत नाही. म्हणजे वेलांटी कोणती द्यावयाची हे ठरविण्यासाठी शब्दाचे कूळ ठाऊक असावे लागते. ज्या सामान्य लेखकाला संस्कृत शिकण्याची संधी मिळाली नाही त्याच्याकडून ही अपेक्षा करणे मला न्याय्य वाटत नाही, आणि म्हणूनच अशा चुका दाखविताना आवाज चढविण्याचा अधिकार कोणालाही आहे असे मी मानत नाही; त्या मुकाट्याने दुरुस्त कराव्या. मो. रा. वाळंबे आणि अरुण फडके यांची लेखनविषयक पुस्तके माझ्या हाताशी असतात, आणि शब्द अगदीच अनोळखी असला तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडावा लागतो.

काही ठिकाणी मात्र एका चिन्हाने अर्थ पालटतो आणि तेथे क्षणभरही डोळा चुकता कामा नये. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे दुबळा. ‘मिलन’ म्हणजे भेट, ‘मीलन’ म्हणजे मिटणे. ‘शिर’ म्हणजे मस्तक आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक फक्त रफाराचा आणि अर्ध्या ‘ऱ’चा आहे, पण पहिल्याने गुरुजन येतात आणि दुसऱ्याने स्वयंपाकी. तीच गोष्ट ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची: एक समुद्र आहे, दुसऱ्या डोंगरांमधल्या खोल जागा. संगणकावरील जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना नेमका हाच अर्धा ‘ऱ’ पुष्कळदा नाहीसा होतो, आणि सह्याद्रीच्या वर्णनात ओळीओळीला समुद्र शिरतो. असा मजकूर आला की मी वाचनाआधी या एका अक्षरासाठी सारा ग्रंथ धुंडाळून काढतो.

आता ज्या भागात माझे मन सर्वाधिक रमते त्याकडे येतो. तो म्हणजे शंकापत्र. हस्तलिखित तपासताना ज्या ठिकाणी दुरुस्ती करण्याचा अधिकार माझा नाही पण संशय आला आहे, त्या ठिकाणाचा पृष्ठक्रमांक, मूळ मजकूर, शंका आणि तिचे कारण मी एका कागदावर क्रमाने लिहीत जातो, आणि उत्तरासाठी शेवटी एक रकाना मोकळा ठेवतो. आत्मकथनांत तर या कागदाला विशेष महत्त्व येते, कारण मनुष्याला प्रसंग आठवतो, साल आठवत नाही. पुण्यातील वयोवृद्ध लेखकांच्या बालपणात पानशेतचा पूर येतोच येतो. तो १२ जुलै १९६१ रोजी बुधवारी आला, आणि लेखक जर १९५० साली जन्मलो असे पहिल्या पानावर सांगत असेल तर पुराच्या वेळी तो मॅट्रिकच्या वर्गात असू शकत नाही. साताऱ्याकडचा लेखक कोयनेच्या भूकंपाची पहाट सांगतो. ती ११ डिसेंबर १९६७ ची, तेव्हा त्या प्रकरणात आंब्याला मोहोराऐवजी पाड लागलेला असला तर शंकापत्रावर एक ओळ वाढते.

नाण्यांचेही असेच आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. १९५० सालच्या बाजारात कोणी पन्नास पैशांची भाजी घेतली असे लिहिलेले आढळले, तर आठ आणे म्हणावयाचे होते काय, असे मी विचारतो. १९५५ साली ‘महाराष्ट्र सरकारची’ नोकरी लागली असे कोणी लिहिले, तर १ मे १९६० पूर्वी ते राज्य अस्तित्वात नव्हते याची नम्रपणे आठवण द्यावी लागते. घरातील जुन्या वहीत शकाचे वर्ष असेल तर अधिक सावध राहावे लागते, कारण शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो हा हिशेब जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या काळाला लागू पडत नाही. तेथे ७९ मिळवावे लागतात. गांधीजींच्या हत्येची बातमी आली त्या दिवसाची नोंद एका वहीत पौष, शके १८६९ अशी होती, आणि ती उतरवून घेणाऱ्या नातवाने ७८ मिळवून तिला १९४७ केले होते. ३० जानेवारी १९४८ ही तारीख सर्वांना ठाऊक असल्यामुळे ती चूक लागलीच सापडली. पण त्याच वहीतील माघातले एक लग्न आणि फाल्गुनातला एक मृत्यू त्याच रीतीने एक वर्ष मागे गेले होते, आणि त्या घरच्या माणसांवाचून दुसऱ्या कोणालाही ते कधी कळले नसते.

शंका कशी विचारावी यालाही एक रीत आहे. ‘हे चूक आहे’ असे मी लिहीत नाही. ‘येथे असे आहे, अमुक पानावर तसे आहे, यांपैकी कोणते ठेवू?’ असे लिहितो. लेखकाला उत्तर देण्यास दोन मार्ग खुले राहतात, आणि पुष्कळदा तो तिसराच मार्ग काढतो, जो मला सुचला नसता.

पैशाच्या व्यवहाराविषयी थोडक्यात सांगतो. काम कोणते, किती वाचनांचे, मुद्रिते किती वेळा तपासावयाची, सूची करावयाची की नाही, मुदत काय आणि पैसे केव्हा, हे सारे कामाआधी लेखी असावे. एक भाग आरंभी, एक मध्यावर, एक शेवटी, अशी वाटणी असावी. एका प्रकाशनसंस्थेने माझा शेवटचा हप्ता पुस्तकाचे प्रकाशन होईपर्यंत म्हणून थांबविला आणि ते प्रकाशन दोन वर्षे झालेच नाही. त्यानंतर मी शेवटचा हप्ता प्रकाशनाशी न जोडता अंतिम प्रत सोपविण्याच्या तारखेशी जोडू लागलो. सूक्ष्म उद्योग म्हणून रीतसर नोंद केलेल्या व्यावसायिकाला २००६ च्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत मोबदला मिळण्याचा हक्क आहे, हे पुष्कळ संपादकांच्या गावीही नसते. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या अग्रिम कराच्या चार तारखा मी दिनदर्शिकेवर सणांबरोबरच लिहून ठेवतो. तगादा करावयाचा तो एकाच सभ्य भाषेत, दर आठवड्याला, त्याच वारी करावा. रागाने लिहिलेल्या पत्राने वसुली लवकर झाल्याचे मला स्मरत नाही.

मागल्या वर्षी आलेल्या एका कामाची हकीकत अजून सांगावयाची राहिली आहे. साताऱ्याकडील एका बाईंनी आपल्या आजोबांची रोजनिशी छापण्याचे ठरविले होते. वही १९५० च्या सुमाराची, म्हणून लेखन अर्थातच जुन्या वळणाचे: नांव, कांही, पांच, तें, करणें, सारे अनुस्वारांसह. घरच्यांसाठीच पुस्तक काढावयाचे आहे, नातवंडांना वाचता यावे, तेव्हा आजच्या नियमांप्रमाणे लेखन करून द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते रास्त होते. जे अनुस्वार उच्चारात नाहीत ते काढावयाचे, इतकेच वरवर पाहता काम होते. परंतु जुन्या लेखनात सप्तमीच्या प्रत्ययाआधी एकवचनातही अनुस्वार देत. ‘घरांत’ म्हणजे एका घरातही आणि अनेक घरांमध्येही. आजच्या नियमाने एकवचनी ‘घरात’ आणि अनेकवचनी ‘घरांत’ असे दोन स्पष्ट शब्द झाले आहेत, आणि म्हणून जुना मजकूर नवा करताना अशा प्रत्येक ठिकाणी कोणता अर्थ होता ते संपादकाला ठरवावे लागते. बहुतेक ठिकाणी पुढील-मागील वाक्ये ते ठरवून देतात. एका ठिकाणी ती काही सांगत नव्हती. कार्तिकातील एका दिवसाच्या नोंदीत फक्त इतकेच होते: ‘आज घरांत विजेचे दिवे लागले.’

मी प्रथम अनुस्वार काढून टाकला होता, कारण मनुष्य आपल्या रोजनिशीत आपल्याच घराविषयी लिहितो असे मला वाटले. मग तो पुन्हा लिहून शंकापत्रावर ओळ टाकली: ‘पृष्ठ ६३. वीज आपल्या घरात आली, की गावातील घरांत? बिंदू ठेवू की काढू?’ बाईंना ते सांगता येईना. त्यांच्या वडिलांनाही आठवत नव्हते. शेवटी त्यांनी आपल्या थोरल्या आत्यांना फोन केला. त्या आता नव्वदीच्या घरात आहेत आणि कऱ्हाडला मुलाकडे राहतात. आत्यांनी सांगितले की, गावात वीज आली त्या संध्याकाळी पेठेतल्या सात-आठ घरांत दिवे लागले. आपल्या घरी पैसे भरावयाला नव्हते म्हणून जोडणी पुढे तीन वर्षांनी झाली. त्या संध्याकाळी दादा, म्हणजे रोजनिशी लिहिणारे त्यांचे वडील, त्यांना आणि धाकट्या भावंडांना घेऊन ओसरीवर बसले होते, आणि पेठेकडे बोट दाखवून कोणाच्या घरी दिवा लागला ते एकेक नाव घेऊन सांगत होते.

शंकापत्राच्या शेवटच्या रकान्यात बाईंनी त्या सात-आठ घरांची आडनावे, आत्यांनी सांगितली त्या क्रमाने, लिहून पाठविली, आणि खाली लिहिले: ‘बिंदू ठेवावा.’